कसं-काय मंडळ आणि बाराचा भोंगा

आमच्या टाकळीत तेव्हा घड्याळं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांच्याकडे कोणी फारसं बघतही नसे. गावाची वेळ माझ्या वडिलांच्या हातात होती. साखर कारखान्याच्या बॉयलरवर ते कायम पहिल्या पाळीला असत, आणि भोंग्याची साखळी ओढायची ती त्यांनीच. पहाटे चारला एकदा आणि पाळी सुटताना बाराला एकदा. चारच्या भोंग्याला चुली पेटायच्या. बाराच्या भोंग्याला शाळेची मधली सुट्टी व्हायची आणि रानातली माणसं भाकरीचं फडकं सोडायची. आमच्या शेजारच्या गोजरबाईंची म्हैस तर पहाटेचा भोंगा ऐकल्याशिवाय पान्हाच सोडत नाही, असं गोजरबाई शपथेवर सांगायच्या. रात्री आठचा भोंगा दुसरं कोणी ओढे, पण तोही दादांनी लावून दिलेल्या घड्याळावर.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गाव त्यांना आसाराम म्हणे. बोलणं कमी, पान नाही, तंबाखू नाही, शौक म्हणावा तर एकच. लग्नात सासऱ्यानं दिलेलं मनगटी घड्याळ. बातम्यांच्या आधी रेडिओ टूं टूं करायचा, तेव्हा दादा घड्याळ हातात धरून असे बसत की घरात कोणी खोकायचंही नाही. मला नेमका तेव्हाच खोकला यायचा. मी परकराचा बोळा तोंडात कोंबून बसायची. घड्याळ रेडिओशी जुळलं की दादा हळूच मान हलवायचे आणि आई ताट वाढायला घ्यायची.

तर अशा माणसाचा भोंगा चुकतो, असं आमच्याच शाळेतल्या पोरांनी जाहीर करावं! मला आजही आठवलं की हात शिवशिवतात. पण आधी बाईंचं सांगते.

बाई म्हणजे कृपा भिंगारदिवे. नगरहून बदली होऊन आमच्या शाळेवर आल्या त्या सायकलवर बसूनच. गावानं तोंडात बोट घातलं. सायकलवर बाई! त्यांनी मात्र सायकल लिंबाखाली लावली, पदर खोचला आणि आम्हा सातवीच्या पोरांना विचारलं, "ही चालताना पडत नाही आणि थांबली की पडते, हे कसं काय?" आम्ही उत्तराची वाट बघत बसलो. आजवर गुरुजी लोक प्रश्न विचारायचे ते उत्तर त्यांना ठाऊक असायचं म्हणून. बाई म्हणाल्या, "मलाही नीट सांगता येत नाही. बघू या."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही बाईंची सायकल खोलली. पुन्हा जोडली तेव्हा मूठभर छर्रे जास्त उरले आणि बाईंना ती ढकलत घरी न्यावी लागली. पण मंडळ सुरू झालं. नाव पडलं कसं-काय मंडळ. वर्गणी नव्हती. सभासद व्हायचं तर एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा. बन्सीनं आणला, वडाखाली उन्हाचे ठिपके गोलच का पडतात, पानांमधल्या फटी तर वाकड्यातिकड्या असतात? आम्ही पुठ्ठ्याला तिकोनी भोकं पाडली आणि उंच धरून पाहिलं, तरी खाली ठिपका गोलच. मी आणला, मुंगळ्यांना गूळ जास्त आवडतो, साखर की मळी? पत्रावळीवर तिन्ही मांडून आम्ही शनिवारभर पालथे पडून राहिलो. गुळाचा जय झाला. कारखान्याच्या गावात ही गोष्ट फार बोलू नये, असं बाईंनी हसत सांगितलं.

मंडळाचा दुसरा नियम असा की जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. एकदा पाहिलेल्यावर बोलायचं नाही. हा नियम पाळला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही तो पाळला होता. म्हणून तर घोटाळा झाला.

बहात्तर सालचा डिसेंबर होता. दुष्काळाचं वर्ष. पाटाला भंडारदऱ्याचं पाणी जेमतेम, रानात ऊस कमी, कारखाना नेहमीपेक्षा लवकर बंद पडणार हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. बॉयलरवरची काही माणसं कमी करायची चर्चा होती, आणि कुणाला ठेवायचं ते संचालक ठरवणार होते. आमच्या गावचे संचालक आबासाहेब. त्यांचा भाचा राधाकृष्ण, तालमीतून आला की दुसरं काही काम नसलेला, बॉयलरवर लागायच्या रांगेत कधीचा उभा होता. हे सगळं आई चुलीपाशी पुटपुटायची, दादा बोलायचे नाहीत.

त्या दिवसांत मंडळानं सावली मोजायला घेतली होती. शाळेच्या पटांगणात कुऱ्हाडीचा एक लांब दांडा रोवला, गवंड्याचा ओळंबा आणून तो सरळ आहे ना ते पाहिलं. सावलीचं टोक जिथं जाईल तिथं चुन्याचा ठिपका द्यायचा. पुस्तकात लिहिलेलं होतं की दुपारी बाराला सूर्य सगळ्यात वर येतो आणि सावली सगळ्यात आखूड होते. आम्हाला तेवढंच बघायचं होतं. बाराचा भोंगा वाजला. आम्ही ठिपका दिला आणि टाळ्या पिटल्या. पण सावलीला कोणी सांगितलं नव्हतं. ती आणखी आखूड होत गेली, होतच गेली, आणि अर्धा तास उलटल्यावर कुठं थांबली. मग वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

सावली सगळ्यात आखूड पडली त्या जागेवरून बाईंनी दांड्यापर्यंत चुन्याची रेघ ओढली आणि कपाळावर आठ्या घालून उभ्या राहिल्या. "हे कसं काय?" त्या म्हणाल्या.

गोरक्षला कसलाही दम निघत नाही. क्रिकेटचं वेड असलेला, मामाचा ट्रान्झिस्टर कायम कानाला लावून फिरणारा तो पोरगा. तो ओरडला, "त्यात काय! भोंगा अर्धा तास आधी वाजतोय!"

सगळ्या मंडळानं माझ्याकडे पाहिलं. मी गोरक्षला धरून पाठीत असा एक धपाटा घातला की बाईंना मला ओढून बाजूला करावं लागलं. पण धपाट्यानं बातमी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत ती कारखान्याच्या गेटसमोरच्या हॉटेलात पोहोचली, आणि तिथून घराघरांत.

गावाला काय, निमित्त हवं होतं. कारखान्यात गव्हाणीवर ऊस टाकणारा सहादेव चारचौघांत म्हणाला, "तरीच म्हनलं, पहाटं झोप का पुरी व्हत न्हाई! अर्धा तास आधी उठवतोय ह्यो आसाराम आमाला. वरीसभराचा हिशेब घाला की!" बारालाही तो अर्धा तास आधीच सोडतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गोजरबाईंच्या म्हशीचं दूध कमी झालं होतं, तेही दादांच्याच नावावर जमा झालं. दुष्काळात चारा नाही म्हणून नव्हे, भोंगा चुकला म्हणून!

आबासाहेब स्वतः शाळेत आले. बाराच्या भोंग्याला दांड्यापाशी उभे राहिले, टोपी काढून घाम पुसत सावली रेघेवर येईपर्यंत थांबले, आणि आली तशी समाधानानं म्हणाले, "माणूस खोटं बोलंल, सूर्य बोलंल व्हय? येत्या सोमवारी मीटिंग हाय. ज्याला भोंगा वेळेवर वडता येत न्हाई, त्यानं बॉयलरवर तरी कशाला ऱ्हावं?"

कारखान्याचे मोठे इंजिनिअरसाहेब मिलचा मोडका रोलर घेऊन पुण्याला गेले होते. ते असते तर ही गोष्ट पाच मिनिटांत संपली असती आणि मला सांगायला काही उरलं नसतं. पण ते नव्हते.

त्या दुपारी दादा जेवायला बसले आणि तसेच उठले. घड्याळ काढून कानाशी लावलं. रेडिओ लावला. टूं टूं झालं, काटा जिथं हवा तिथंच होता. तरी त्यांनी मान हलवली नाही.

"पोरी," ते मला म्हणाले, "भोंगा मी वडतो, पर वेळ काय माझ्या घरची न्हाई. रेडिओ सांगतो तीच मी सांगतो. आता रेडिओ बी चुकला का?"

आई फणकारली, "चुकला आसंल! दिल्लीत बसलेल्याला टाकळीत ऊन किती चढलं ते काय म्हाईत!"

दादांना हसू आलं नाही. एरवी आईच्या अशा बोलण्यावर ते मिशीतल्या मिशीत हसत. मग ते म्हणाले, "उद्यापून त्या मंडळात जायाचं न्हाई." आवाज चढला नव्हता, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. मला रडू आलं ते मंडळ सुटलं म्हणून नाही. ज्या माणसानं मिनिटाची चूक कधी केली नाही, तो स्वतःच्या घड्याळाकडे चोरासारखा बघत होता, ते मला बघवेना.

बाई घरी आल्या. सायकल दारात लावून उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. "आसारामभाऊ, पोरांचं काही चुकलं नाही, तुमचंही चुकलं नसेल. मधे कुठंतरी काहीतरी आहे, ते मला कळत नाही. पण शोधल्याशिवाय आम्ही सोडणार नाही."

दादा म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला कळत न्हाई म्हनता, अन् माझ्या पोटावर येतंय." बाईंची मान खाली गेली. चहा न पिताच त्या परत गेल्या.

शनिवार आला. दादांनी मला मंडळात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर बसायचं नाही असं काही सांगितलं नव्हतं. मी भिंतीवर जाऊन बसले, तोंड फुगवून, मंडळाकडे पाठ करून. आत बाईंनी सगळं पुन्हा तपासायला घेतलं होतं. ओळंबा बरोबर, दांडा सरळ. हेडमास्तरांच्या टेबलावरचं घड्याळ रेडिओशी जुळत होतं, आणि भोंगा त्या घड्याळाशी. सगळे खरे बोलत होते आणि तरी भांडण चालू होतं. उन्हं कलायला लागली तशी पोरं कंटाळली. गोरक्षनं ट्रान्झिस्टर काढला. कलकत्त्याला कसोटी चालू होती. बाईंनीही हताश होऊन त्याला ओरडायचं सोडून दिलं.

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत घुसत होतं, म्हणून मी कपाळावर हात धरून बसले होते. रेडिओवरचा माणूस हिंदीत सांगत होता की मैदानात सावल्या लांबल्या आहेत, रोशनी कमी होत चालली आहे, दोन्ही पंच एकमेकांशी बोलताहेत. आणि मग, खराब रोशनीमुळे खेळ थांबला.

गोरक्ष उसळला. "आंधळे हायेत का हे पंच! येवढं लख्ख ऊन पडलंय अन् म्हनं उजेड न्हाई!"

माझा हात कपाळावरच राहिला. ऊन माझ्या डोळ्यांत होतं. टाकळीचं ऊन. लिंबाच्या शेंड्याच्याही वर सूर्य होता, मावळायला अजून कितीतरी अवकाश.

मी भिंतीवरून धपकन आत उडी मारली. "गोरक्ष, हे ऊन आपलं हाय! त्यांचं संपलं!"

"काय संपलं?"

"त्यांचं ऊन! तिकडं सांज झालीया अन् हितं न्हाई झाली! घड्याळ तर दोघांचं येकच हाय ना? रेडिओ तर येकच हाय ना?"

बाई उभ्या होत्या त्या मटकन पायरीवर बसल्या. क्षणभर मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग त्या स्वतःशीच बोलल्यागत म्हणाल्या, "प्रमाणवेळ. अगं बाई! देशातल्या सगळ्या घड्याळांनी एकच वेळ दाखवायची म्हणून अलाहाबादकडच्या एका रेघेवरचा सूर्य धरलाय. पूर्वेला सूर्य आधी माथ्यावर येतो, आपल्याकडे नंतर. ट्रेनिंग कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते!" आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

आम्हाला शब्द कळला, पण पटायला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. बन्सी पळत जाऊन गोजरबाईंच्या छपरावरचं डांगर, चांगला गरगरीत लाल भोपळा, घेऊन आला. विचारून आणलं की कसं, ते मंडळानं विचारलं नाही. बाईंनी त्यात बाभळीचे दोन काटे टोचले, एक टाकळीचा, एक उजवीकडे कलकत्त्याचा. डांगर उन्हात धरलं आणि हळूहळू फिरवलं. कलकत्त्याच्या काट्याची सावली आधी आखूड झाली, आपल्याची नंतर. पुढं फिरवलं तर कलकत्ता आधी अंधारात गेला आणि टाकळीवर अजून ऊन. आम्ही ते डांगर इतक्यांदा फिरवलं की त्याचा देठ निघून आला.

मी तशीच घरी पळाले आणि दादांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुला पटलं, मला बी थोडं पटतंय," ते म्हणाले. "आबासाहेबाला डांगर दाखवून पटंल का?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून रविवारी आम्ही नुसतं डांगर नाही, रेडिओही वापरायचं ठरवलं.

गेटसमोरच्या हॉटेलात फळीवर मोठा रेडिओ होता आणि भिंतीवर घड्याळ. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तिथं पाय ठेवायला जागा नसे. आबासाहेब बाहेर बाकड्यावर बशीतून चहा पीत बसले होते, राधाकृष्ण शेजारी. बाईंच्या मागून सगळं मंडळ गेलं. दादा हॉटेलात कधी येत नसत. मी हाताला धरून ओढत आणलं तेव्हा रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली थांबले आणि तिथून पुढं एक पाऊल टाकीनात.

बाईंनी डांगर काढलं, काटे दाखवले, सगळं नीट समजावलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं आणि मग हसायला सुरुवात केली.

"डांगराचं भरीत लई ब्येस व्हतं बरं का बाई," सहादेव म्हणाला.

आबासाहेबांनी बशी खाली ठेवली. "बाई, सूर्य येक, वेळ येक. डांगरावर कारखाना चालत न्हाई. उद्या मीटिंगीत मी बोलनार म्हंजी बोलनार."

तेव्हा मी पुढं झाले. राग आला की माझी जीभ अडखळत नाही. "आबासाहेब, डांगर ऱ्हाऊ द्या. रेडिओ आइका. घड्याळात अजून साडेचार बी न्हाई झाले. कलकत्त्याला आत्ता उजेड जाईल अन् खेळ थांबंल. आपल्याकडं ऊन असंच ऱ्हाईल. तसं न्हाई झालं तर माझ्या दादाला काढा."

हे बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. लिंबाखाली दादांनी मान वर केली होती.

"बोलली पोर!" आबासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. "आइकू की मंग."

हॉटेलवाल्यानं आवाज मोठा केला. आपला गडी जमला होता. चौकार बसला, हॉटेल ओरडलं. आणखी एक बसला. उजेडाचं कुणी नावच काढेना. रेडिओवरचा माणूस मैदान, गर्दी, गोलंदाज, सगळं सांगत होता, सूर्याबद्दल चकार शब्द नाही. बाकीचा सगळा देश आणखी थोडा खेळ व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता, आणि आमचं कसं-काय मंडळ कलकत्त्यात अंधार पडावा म्हणून. गोरक्षची तर फार पंचाईत झाली होती. चौकार बसला की तो उडी मारायचा आणि मग माझ्याकडे बघून मुकाट खाली बसायचा.

घड्याळाचा काटा साडेचारच्या पुढं सरकला. राधाकृष्ण हसायला लागला. मी परकराचा बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

आणि तो माणूस म्हणाला की सूर्य स्टँडच्या मागं गेलाय. सावल्या खेळपट्टीवर आल्या आहेत. फलंदाजानं पंचांशी काहीतरी बोलून पाहिलं. पंच एकमेकांजवळ आले. खराब रोशनी. आजचा खेळ थांबला.

"ढग आलं आसतील," आबासाहेब लगेच म्हणाले.

रेडिओला ऐकू गेल्यासारखं तो माणूस पुढं म्हणाला की आसमान साफ आहे, फक्त शाम झाली आहे.

हॉटेलातली माणसं एकेक करून बाहेर आली. सगळ्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. कारखान्याच्या धुराड्याच्या बाजूला सूर्य चांगला हातभर वर होता, आणि सगळ्यांच्या घामेजल्या तोंडांवर ऊन होतं. आबासाहेबांनीही टोपी मागं सारून पाहिलं.

सहादेव सगळ्यांत आधी भानावर आला. "म्हंजी तिकडं सांज झाली, अन् घड्याळात साडेचारच? आन् आपल्याकडं ऊन हाय, तरी बी साडेचारच?" त्यानं डांगर उचललं, स्वतःच फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग रस्त्यापलीकडे बघून ओरडला, "आरं आसाराम! तुझा भोंगा बरूबर हाय की रं! आपला सूर्यच मागून येतोय!"

हॉटेल हसलं, पण आता वेगळं हसलं. आबासाहेबांनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला आधीच वाटलं हुतं. आसारामाच्या हातून चूक व्हनार न्हाई. पर पोरांची परीक्षा घ्यावी म्हनलं." राधाकृष्ण त्यांच्याकडे बघतच राहिला. मला पुन्हा हात शिवशिवल्यासारखं झालं, पण बाईंनी माझी वेणी धरून ठेवली होती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये भोंग्याचा विषय निघालाच नाही. दादा बॉयलरवर राहिले. कारखाना त्या वर्षी लवकर बंद पडला, पण तोवर चारचा आणि बाराचा भोंगा त्यांनीच ओढला.

मला मंडळात जायची परवानगी मिळाली का, तर मी विचारलंच नाही, आणि दादांनी अडवलंही नाही. सावली मोजणं चालूच राहिलं. बाराचा भोंगा झाला की आम्ही दांड्याभोवती जमायचो, आणि सावली चुन्याच्या रेघेवर आली की सगळे मिळून तोंडानं भों करून ओरडायचो. तो टाकळीच्या स्वतःच्या सूर्याचा भोंगा. गावातली लहान पोरंही यायला लागली. गोजरबाई म्हणायच्या, आता म्हशीनं ऐकायचं तरी कुणाचं?

संक्रांतीच्या आसपास एक दिवस दादा पाळी सुटल्यावर घरी जायचे ते शाळेच्या फाटकाशी थांबले. सावली रेघेवर आली, आम्ही भों केलं. दादांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. फाटकाच्या आत कधी यायचे नाहीत. घड्याळ बघायचे, काहीतरी मनात धरायचे आणि जायचे. मला वाटलं, अजून मनातली अढी गेलेली नाही. बाईंनाही तसंच वाटलं. त्या ओशाळवाणं हसून नमस्कार करायच्या.

जानेवारी संपत आला होता. त्या शनिवारी भों झाल्यावर दादा फाटक ढकलून आत आले. पायातल्या वहाणा त्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा बाजूला काढून ठेवल्या आणि दांड्यापाशी येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "भोंगा रोज बाराला वाजतो. मी रेडिओशी लावून वडतो. त्यात फरक न्हाई."

"नाहीच, आसारामभाऊ," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "ते तर आता सगळ्यांना पटलंय."

"तसं न्हाई." दादा खाली बसले आणि चुन्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "मी आलो त्या दिशी सावली ह्या रेघंवर आली, तवा घड्याळात जेवढे वाजले हुते, त्याच्यापरीस आज उशिरा आली. काल बी उशिरा. रोज थोडी थोडी मागं पडतीया. दांडा हलला न्हाई, रेघ हलली न्हाई. घड्याळ रेडिओशी जुळतंय." अख्ख्या आयुष्यात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "म्हंजी सूर्य बी रोज येका वेळंला येत न्हाई. हे कसं काय?"

सगळं मंडळ रेघेवर वाकलं. गोरक्षसुद्धा. बाईंनी डोळे बारीक करून सूर्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

दादांनी हळूच मान हलवली, रेडिओशी घड्याळ जुळल्यावर हलवायचे तशी. मग बन्सीला थोडं सरकायला सांगितलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.